व्याज टाळा, पण कागद टाळू नका : सांगली-माधवनगर पट्ट्यात पहिले घर घेणाऱ्यांसाठी

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ पासून रेपो दर उतरवायला सुरुवात केली. तेव्हा ६.५० टक्के असलेला हा दर डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. गृहकर्ज स्वस्त झाले, हप्ते कमी झाले, पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना हीच संधी, अशा बातम्या वर्षभर येत राहिल्या. सांगली-मिरजेतल्या मुस्लिम घरांत मात्र या बातमीनंतरची चर्चा दराची नसते. पहिला प्रश्न असतो, बँकेचं घ्यायचं की नाही? आणि दुसरा, तिथे आपल्याला घर देतील का?

हे दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि त्यांना हसण्यावारी नेऊ नये. पण या दोन भीतींमुळे आपली अनेक कुटुंबे एका तिसऱ्याच वाटेला लागतात. ही वाट नोटरीच्या कागदाची, कच्च्या पावतीची, "आपलाच माणूस आहे" या भरवशाची असते. व्याजापासून वाचलेला माणूस तिथे मुद्दलालाच मुकतो. या लेखाचा विषय तोच आहे.

माधवनगरकडे ओढा का वाढला?

माधवनगर हे कापड गिरणी आणि यंत्रमागांचे जुने गाव. सांगलीला अगदी खेटून, पण महापालिकेच्या हद्दीबाहेर. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली, माधवनगरचा कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिला. पुणे-मिरज मार्गावरचे रेल्वे स्टेशन, तासगावकडे जाणारा रस्ता, बुधगावचे इंजिनिअरिंग कॉलेज, कुपवाडची एमआयडीसी, सगळे हाताशी. सकाळी दुचाकीवरून सांगलीच्या मार्केट यार्डात किंवा कुपवाडच्या कारखान्यात जायचे आणि संध्याकाळी परत यायचे, असे रोजचे आयुष्य जगणाऱ्यांना हा पट्टा सोयीचा वाटतो. चिंतामणीनगरचा रेल्वे पूल पाडून नवा बांधायचे काम चालू होते तेव्हा याच लोकांनी वळसे घालून दिवस काढले. तरी ओढा कमी झाला नाही.

त्यामागे पुराचे कारणही आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ झाला, २०१९ झाला, २०२१ झाला. ज्यांनी तीनदा गाद्या आणि पोरांची पुस्तके वाळत घातली, ते आता उंचावरची जागा शोधतात. त्यातच मोहल्ल्यातली जुनी घरे भावाभावांत वाटून एकेका खोलीवर आली आहेत. मुलाचे लग्न ठरले की, "खोली कुठली द्यायची?" हा प्रश्न उभा राहतो. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला येणाऱ्या पालकांना विचारले की कारण हेच निघते. नवे रो-हाऊस, नवा फ्लॅट, नाहीतर दोन गुंठ्यांचा प्लॉट.

वीस लाखांचे चाळीस लाख

आधी व्याजाचे बोलू. समजा वीस लाखांचे कर्ज, मुदत वीस वर्षे, दर ८ टक्के. महिन्याचा हप्ता सुमारे १६,७३० रुपये येतो. वीस वर्षांत बँकेत भरले जातात चाळीस लाखांच्या थोडे वर. दीनदार माणसाला हा आकडा बघूनच धस्स होते, आणि सूदबद्दलचा कुरआनचा इशारा त्याला लहानपणापासून माहीत असतो.

पर्याय फारसे नाहीत हेही खरे. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगचा विचार करावा असे सुचवले होते. काही वर्षे चर्चा चालली. शेवटी २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवल्याचे माहिती अधिकारातल्या उत्तरातून समोर आले. बिनव्याजी सहकारी पतसंस्था काही ठिकाणी चांगले काम करतात, पण त्यांचे बळ छोट्या धंद्याच्या किंवा अडीअडचणीच्या कर्जापुरते. वीस लाखांचे घर त्यांच्या आवाक्यात येत नाही.

उलेमांमध्येही यावर मतभेद आहेत. युरोपातल्या फतवा परिषदेने १९९९ मध्ये, राहायला घर नाही आणि दुसरा मार्ग नाही अशा मुस्लिमांना बँकेच्या कर्जाने पहिले घर घ्यायला गरजेपोटी सशर्त मोकळीक दिली. जगभरच्या अनेक उलेमांना ते मान्य झाले नाही. मी शिक्षक आहे, मुफ्ती नाही. आपला मसला आपण ज्यांच्यावर भरवसा ठेवतो त्या आलिमांना, आपली पूर्ण परिस्थिती सांगून विचारावा. कोणी गरज मानून कर्ज घेतले तर त्याला मस्जिदीच्या पायरीवर टोमणे मारू नयेत, आणि कोणी टाळले तर त्याला मागासलेला म्हणू नये.

कर्ज घेणाऱ्यांसाठी एक माहिती. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत आणि देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला व्याज सवलत आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतात. मात्र योजना शहरी आहे. घर महापालिकेत की ग्रामपंचायतीत यावर पात्रता ठरू शकते, म्हणून माधवनगरसारख्या गावात घर घेताना बुकिंगच्या आधी बँकेकडून लेखी खात्री करून घ्यावी. बिल्डरच्या ऑफिसातल्या "मिळेल की, मिळेल" वर जाऊ नये.

"व्याज नाही, हप्त्याने द्या"

आता तिसरी वाट. जुम्माच्या नमाजनंतर हातात एक पत्रक येते, किंवा व्हॉट्सअॅपवर नकाशा येतो. बिनव्याजी हप्ते. आपल्या लोकांची वस्ती. मस्जिदसाठी जागा राखीव. बँकेची कटकट नाही, पगारपत्रक नको. गॅरेजवाला, फळविक्रेता, शिलाईकाम करणारा, मिरजेत तंबोरे घडवणारा कारागीर, यांच्यापैकी कोणाकडे पगारपत्रक असते? बँक त्यांना तीन वर्षांचे आयकर विवरण मागते. इथे मात्र भिशी लागली की एक हप्ता, आखातातून भावाचे पैसे आले की दुसरा.

हप्त्याने विक्री करण्यात शरीयतच्या दृष्टीने मुळात गैर काही नाही. रोखीची किंमत एक आणि उधारीची थोडी जास्त, पण सौद्याच्या वेळीच पक्की ठरलेली, असा व्यवहार चारही मसलकांच्या बहुसंख्य फुकहांनी जायज मानला आहे. अडचण हप्त्यात नाही. ती हप्त्याच्या कागदात आहे.

माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाचे उदाहरण घ्या. थोरला ड्रायव्हर, धाकटा सौदीत. चार वर्षांत नऊ लाख रुपये दिले. हातात काय, तर नोटरी केलेले साठेखत, एक मुखत्यारपत्र आणि वहीच्या पानावरच्या सह्या. सातबारावर अजून शेतजमीन, आणि नाव मूळ मालकाचे. मग त्या मालकाच्या दोन बहिणींनी वारसा हक्काचा दावा लावला. त्यांचा हक्क खराच होता. वडील वारले तेव्हा त्यांची नावे सातबारावर लावलीच नव्हती. विकणाराही मुस्लिम, घेणाराही मुस्लिम, आणि बुडाला तो दोन मुस्लिम बहिणींचा हिस्सा आणि दोन मुस्लिम भावांची कमाई.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणी केल्याशिवाय होत नाही. सुप्रीम कोर्टाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात सांगितले की मुखत्यारपत्र, साठेखत किंवा मृत्युपत्र यांच्या जोरावर मालकी मिळत नाही. कूळ कायद्यानुसार महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला तर फेमाच्या नियमांनुसार शेतजमीन विकत घेता येतच नाही. म्हणजे सौदीतल्या भावाच्या नावावर शेतीचा गुंठा घ्यायचा विचार सुरुवातीलाच बाद होतो.

गुंठेवारीचा प्रश्न सांगली-मिरजेला नवा नाही. त्यासाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना आणि भूखंडांना नियमित होण्याची संधी मिळाली. २०२५ च्या अखेरीस तुकडेबंदी कायदाही राज्य सरकारने शहरालगतच्या निवासी भागांसाठी सैल केला. यामुळे काही दलाल सांगत फिरतात की आता सगळं माफ झालंय. तसे नाही. जुना व्यवहार नियमित होणे वेगळे, आणि त्या जागेवर मंजूर रस्ता, गटार, पाण्याची लाईन आणि बांधकाम परवानगी असणे वेगळे. आज नव्याने पैसे देणाऱ्याने उद्याच्या माफीवर भरवसा ठेवू नये.

नाव विचारणारा बाजार

लोक या वाटेला का जातात, हे समजून न घेता फक्त उपदेश करणे सोपे आहे. फोनवर फ्लॅट शिल्लक असतो आणि नाव सांगितल्यावर "कालच गेला" होतो, हा अनुभव आपल्याकडे इतका सर्रास आहे की कोणी तक्रारही करत नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये मुस्लिमांना घर मिळण्यातली अडचण नोंदवली होती. काही बँका मुस्लिमबहुल भागांना कर्जासाठी नकारात्मक क्षेत्र मानतात, हेही त्याच अहवालात आहे. घर मोहल्ल्यात घ्यावे तर बँक कां-कूं करते, मोहल्ल्याबाहेर घ्यावे तर विकणारा.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, एका समाजापुरते सभासदत्व ठेवणारा पोटनियम वैध ठरवला. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातले २३ वे कलम मात्र खुल्या सभासदत्वाचे आहे. पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही आणि नाकारले तर निबंधकाकडे दाद मागता येते. म्हणून संस्थेने नकार दिला तर तो लेखी मागा. तोंडी नकारावर कुठेच अपील होत नाही.

हेही लक्षात घ्या की सगळे विकणारे असे नसतात. या पट्ट्यात गुजराती, मराठा, जैन, मुस्लिम शेजारी असलेल्या इमारती आहेत. दोन ठिकाणी नकार मिळाला म्हणून तिसऱ्या ठिकाणी विचारायचेच नाही आणि थेट "आपल्या लोकांच्या" कच्च्या लेआउटमध्ये पैसे ओतायचे, हा सौदा महागात पडतो. धर्म एक असला म्हणून सातबारा स्वच्छ होत नाही.

रेरा काय देतो, आणि कुठे संपतो

नवे बांधकाम घेणाऱ्यासाठी २०१६ चा रेरा कायदा मोठा आधार आहे. नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा वेळेत दिला नाही तर ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा. ऑगस्ट २०२३ पासून महारेराने जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला आहे. मोबाईल धरला की मंजूर नकाशा, जागेवरचा बोजा, ताब्याची तारीख, सगळे दिसते.

पण फट इथेच आहे. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपेक्षा जास्त नसेल, किंवा घरे आठपेक्षा जास्त नसतील, तर रेरा नोंदणी लागत नाही. लहान शहरांच्या कडेला चार गुंठ्यांवर सहा फ्लॅट, दहा गुंठ्यांवर आठ रो-हाऊस, अशीच कामे जास्त असतात. त्यामुळे "रेरा लागत नाही हो इथे" हे विकणाऱ्याचे वाक्य खोटे असेलच असे नाही. पण रेरा लागत नाही म्हणजे कायदाच लागत नाही, असे होत नाही. १९६३ चा मोफा कायदा आहे. त्याप्रमाणे किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ रक्कम घेण्याआधी नोंदणीकृत करार करावाच लागतो. मोठ्या प्लॉटिंगला, ५०० चौरस मीटरवर असेल तर, रेरा लागतोच. दोन एकरांचे तुकडे पाडून विकणारा माणूस "प्लॉटला रेरा नसतो" म्हणाला तर तिथून उठावे.

बँक जे तपासते, ते तुम्ही तपासा

आता मूळ मुद्दा. बँक कर्ज देते तेव्हा ती तुमच्यासाठी नाही, स्वतःच्या पैशासाठी तपास करते. तिचा वकील तीस वर्षांचा मालकीचा शोध घेतो. अभियंता मंजूर नकाशा आणि जागेवरचे काम जुळवतो. पैसे बांधकामाच्या टप्प्याटप्प्याने सुटतात. कर्ज न घेणाऱ्याला यातले काहीच आपोआप मिळत नाही. म्हणून बिनव्याजी घर घेणाऱ्याने जास्त सावध राहायला हवे. निदान एवढे करा :

सातबारा आणि त्यावरचे सगळे फेरफार काढा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. भोगवटादार वर्ग एक की दोन, हे त्यावर दिसते. वर्ग दोन, देवस्थान इनाम किंवा वक्फ नोंद असेल तर तिथेच थांबा आणि वकिलाला विचारा.

मालक वारला असेल तर वारस किती, मुलींची नावे लागली का, नसतील तर त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का, हे बघा. ही तपासणी कायद्याइतकीच दीनचीही आहे. बहिणीचा हिस्सा मारून विकलेल्या जमिनीवरच्या घरात बरकत कुठून येणार?

मंजूर लेआउट आणि बिगरशेतीचा कागद स्वतः बघा, झेरॉक्सवर समाधान मानू नका. नकाशावर हिरव्या पेनाने काढलेली मस्जिद मंजूर नकाशात नसेल, तर तिला काही अर्थ नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा नाही.

पूररेषा विचारा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नको, लाल रेषेच्या आत अटी आहेत. आणि कागद काहीही म्हणो, शेजारच्या जुन्या माणसाला विचारा की २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आले होते.

किमतीत काय धरले आहे ते लिहून घ्या. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला १ टक्का, इतरांना ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराच्या विक्रीवर तो नाही. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार.

घर पत्नीच्या किंवा आईच्या एकटीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, एप्रिल २०२१ पासून. तीस लाखांच्या घरात तीस हजार वाचतात. इस्लामने बाईला मालकीचा हक्क केव्हाच दिला आहे, आपल्या खरेदीखतावर मात्र तिचे नाव क्वचित दिसते. मेहेरची बाकी असेल तर ती फेडायची ही चांगली वेळ.

आणि हप्त्याने घेत असाल तर एकूण किंमत, हप्त्यांच्या तारखा, ताब्याची तारीख, सौदा मोडला तर पैसे किती दिवसांत परत, हे सगळे नोंदणीकृत करारात घाला. पैसे बँकेतून द्या. वकिलाचा खर्च होईल, पण बुडणाऱ्या नऊ लाखांपुढे तो काहीच नाही.

जमातीने काय करावे

प्रत्येक ड्रायव्हर आणि शिंपी हे सगळे एकट्याने करू शकणार नाही. मस्जिदीच्या कमिट्या, शाळांचे माजी विद्यार्थी आणि आपले वकील मिळून महिन्यातला एक रविवार घर-कागद तपासणीला देऊ शकतात. ज्या लेआउटचे कागद तपासलेले नाहीत त्याचे पत्रक मस्जिदीच्या आवारात वाटू द्यायचे नाही, एवढा एक नियम केला तरी पुष्कळ फरक पडेल. दहा-पंधरा कुटुंबांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढून मंजूर जागा एकत्र घेण्याचा मार्गही आहे. त्यात दलाली वाचते आणि वकील एकच लागतो.

सरकारकडे मागण्यासारखेही आहे. रेरातली आठ घरांची सूट लहान शहरांत खाली आणा. बिनव्याजी सहकारी संस्थांना गृहकर्जाच्या चौकटीत जागा द्या. धर्म बघून घर नाकारणे हा दंडनीय गुन्हा करा. या मागण्या कोण्या एका समाजापुरत्या नाहीत, दलित, भटके, एकट्या राहणाऱ्या बायका, सगळ्यांच्या आहेत.

सूरह बकरामध्ये सूदच्या मनाईच्या आयती आहेत. त्यांच्या लगेच पुढे, २८२ क्रमांकावर, कुरआनातली सर्वांत लांब आयत येते. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि साक्षीदार ठेवावेत, हे त्या आयतीत सांगितले आहे. आपल्या घरांत पहिला हुकूम सगळ्यांना पाठ आहे. दुसराही त्याच किताबातला आहे, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन तो पाळता येतो.